पहिला गेला, हे कोण ठरवणार?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजारातले, म्हणजे एनएसईवरचे सगळे व्यवहार थांबले. दुपारी पावणेचारला ते पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशीचा बाजार संध्याकाळी ५ पर्यंत चालला. मधले चार तास मुंबई शेअर बाजार चालू होता, भाव हलत होते, आणि एनएसईवर ज्यांचे सौदे अर्ध्यात अडकले होते ते नुसते पडद्याकडे बघत बसले होते.

एक्सचेंजने नंतर जो खुलासा केला तो मी दोनतीनदा वाचला. त्यांच्या दोन केंद्रांना जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्या एका नव्हे, दोन कंपन्यांच्या होत्या. त्या दोन्ही एकाच दिवशी डळमळल्या. वाटेत रस्त्याचं खोदकाम आणि बांधकाम चालू होतं. मुंबईकराला यात नवल वाटायचं कारण नाही. नवल पुढे आहे. दोन केंद्रांमधला दुवा डळमळला, आणि त्यामुळे मुख्य केंद्रातलं स्टोरेज तिथल्याच सर्व्हरांना मिळेनासं झालं. सौद्यांची जोखीम मोजणारी यंत्रणा त्यावर अवलंबून होती. ती बंद पडली. आणि जोखीम मोजल्याशिवाय बाजार चालू ठेवणं धोक्याचं, म्हणून बाजार थांबवला. तार डळमळली बाहेरची आणि चूल विझली घरातली. एक्सचेंजच्या म्हणण्यानुसार, बिघाडाच्या वेळी स्टोरेजने काय करायचं याचं जे तर्कशास्त्र विक्रेत्याने बसवलं होतं, ते मागितलेल्या आराखड्याबरहुकूम नव्हतं.

माझी बरीच वर्षं मोठ्या डिस्क-कपाटांच्या सोबतीत गेली आहेत. आमच्या धंद्यात त्यांना 'अ‍ॅरे' म्हणतात. बँक, विमा कंपनी, रेल्वे आरक्षण, इस्पितळ, कुठेही पडद्यामागे अशी कपाटं असतात. विकणारा माणूस ती दाखवताना ठरलेलं एक वाक्य बोलतो: यात सगळं दोन-दोन आहे. दोन कंट्रोलर, दोन वीजपुरवठे, दोन तारा, प्रत्येक डिस्कला दोन वाटा. वाक्य खरंच असतं. पण या यंत्रांचा इतिहास बघितला, तर 'दोन ठेवा' हा भाग त्या मानाने लवकर सुटला असं दिसतं. 'दोघांपैकी एक गेला, हे कोण ठरवणार?' हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. तो अजूनही पूर्ण सुटलेला नाही.

एकाऐवजी दोन

पहिली व्यापारी डिस्क आयबीएमने १९५६ साली रॅमॅक या संगणकाबरोबर आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर फिरत आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावत. आजच्या फोनमधल्या एका बऱ्यापैकी फोटोची ही जागा. यंत्र मात्र एक टनाच्या आसपास वजनाचं.

योगायोग असा की त्याच १९५६ साली जॉन फॉन नॉयमन यांचा एक निबंध छापून आला. बेभरवशाच्या सुट्या भागांपासून भरवशाचं यंत्र कसं बनवता येईल, हा त्याचा विषय. त्याचं थोडक्यात उत्तर असं: एकच काम अनेकांना करायला द्या आणि बहुमत घ्या. उत्तर बरोबर, पण महाग. एक टनाच्या यंत्राच्या तीन-तीन प्रती कोण घेणार?

व्यवहारात हा विचार रुजवला टँडेम कॉम्प्युटर्स या कंपनीने. जिमी ट्रेबिग यांनी १९७४ साली ती स्थापन केली आणि १९७६ साली तिचं पहिलं यंत्र सिटीबँकेकडे गेलं. यंत्राचं नावच 'नॉनस्टॉप'. त्यात किमान दोन प्रोसेसर असत, डिस्कच्या कंट्रोलरला दोन प्रोसेसरांकडून येणाऱ्या दोन वाटा असत आणि डिस्कचीही आरशासारखी दुसरी प्रत ठेवता येई. यातली खरी नवी गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये होती. प्रत्येक महत्त्वाच्या कामाची जोडी असे. एक काम करी, दुसरा शेजारी बसून 'आता मी इथवर आलो' असे त्याचे निरोप टिपून घेई. पहिला पडला की दुसरा शेवटच्या निरोपापासून पुढे सुरू करी. त्याबरोबर एक कडक नियम होता: यंत्राने एकतर बरोबर काम करावं, नाहीतर तडक बंद पडावं. अर्धवट चालत, चुकीचं लिहीत राहणं सर्वांत वाईट. बंद पडलेल्याची जागा घेता येते, खोटं बोलणाऱ्याची कशी घेणार?

डिस्कांच्या बाबतीत पुढचं मोठं पाऊल १९८८ सालचं. बर्कलेच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी शोधनिबंध वाचला. मेनफ्रेमच्या महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांच्या स्वस्त डिस्कांची फौज वापरा, हा त्यांचा मुद्दा. त्यातली अडचण त्यांनीच आधी मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर १०० डिस्कांच्या कपाटात सरासरी दर ३०० तासांनी, म्हणजे साडेबारा दिवसांनी, एक तरी डिस्क मरणार. मग उपाय: प्रत्येक गटात थोडी जास्तीची माहिती ठेवायची, जिच्यावरून हरवलेल्या डिस्कचा मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा काढता येईल. आठ माणसांनी वर्गणी काढली, एकूण रक्कम वहीत लिहिलेली आहे आणि एकाचाच आकडा पुसला गेला, तर तो वजाबाकीने काढता येतो. तसंच हे. याला त्यांनी 'रेड' म्हटलं. मूळ नावात 'स्वस्त' असा शब्द होता. कपाटं विकणाऱ्या कंपन्यांना तो अर्थातच रुचला नाही, आणि त्या अक्षराचा अर्थ पुढे 'स्वतंत्र' असा झाला. या 'स्वतंत्र' शब्दाकडे पुन्हा यायचंच आहे.

कपाटातले दोन मेंदू

डिस्का मेल्या तरी माहिती राहील, हे ठरलं. पण या फौजेला हुकूम देणारा कंट्रोलर मेला तर? कंट्रोलर हा खरं तर एक संगणकच. त्याच्या पोटात मेमरी असते, कॅशे म्हणतात ती, आणि कपाटाचा सगळा वेग तिच्यात असतो. १९९० साली ईएमसी कंपनीने मोशे यानाई यांनी घडवलेलं 'सिमेट्रिक्स' बाजारात आणलं. छोट्या डिस्का आणि पुढे भरपूर मेमरी, अशा रचनेचं ते २४ गिगाबाइटचं कपाट होतं. मेनफ्रेमच्या डिस्का म्हणजे आयबीएमच्याच, हे समीकरण त्याने काही वर्षांत मोडलं.

लेखनाचा वेग कसा येतो ते बघण्यासारखं आहे. सर्व्हर म्हणतो, 'हे लिहून ठेव.' कंट्रोलर ते मेमरीत टिपतो आणि लगेच सांगतो, 'लिहिलं.' खरं तर डिस्कवर काहीच लिहिलेलं नसतं. ते सवडीने होणार असतं. तुमच्या खात्यात पगार जमा झाल्याचा निरोप येतो तेव्हा ती रक्कम काही क्षण नुसती या मेमरीत असू शकते. त्याच क्षणी कंट्रोलर मेला तर बँकेच्या लेखी पैसे जमा आणि डिस्कच्या लेखी नाहीत.

म्हणून 'लिहिलं' म्हणण्याआधी कंट्रोलर तीच नोंद शेजारच्या कंट्रोलरच्या मेमरीतही करून घेतो. वीज गेली तर दोन्ही मेमऱ्या बॅटरीवर तग धरतात, किंवा तेवढ्या वेळात सगळं राखीव डिस्कांवर उतरवून ठेवतात. डेटा जनरल कंपनीच्या 'क्लॅरियन' कपाटांमुळे दोन कंट्रोलरांची ही जोडी मध्यम आकाराच्या ग्राहकांपर्यंत पोचली. या कपाटांमागे होते टॉम वेस्ट. ट्रेसी किडर यांच्या १९८१ सालच्या 'द सोल ऑफ अ न्यू मशीन'चे नायक म्हणून अनेक वाचकांना ते माहीत असतील. पुढे १९९९ साली ईएमसीने डेटा जनरलच विकत घेतली.

या जोडीतला एक गेला की दुसरा त्याचे सगळे डिस्क-गट आपल्या नावावर घेतो, सर्व्हरमधलं सॉफ्टवेअर जुनी वाट सोडून नवी धरतं, आणि काही सेकंदांच्या अडखळीनंतर काम पुढे सुरू. यालाच फेलओव्हर म्हणतात. उरलेला कंट्रोलर मात्र आता एकटा असतो, शेजारी नोंद ठेवायला कोणी नसतं. म्हणून अनेक कपाटांत तो 'लिहिलं' म्हणण्याची घाई सोडून देतो आणि खरोखर डिस्कवर लिहूनच उत्तर देतो. कपाट जिवंत राहतं, पण मंदावतं. आणि यात एक साधा हिशेब असतो: दोन्ही कंट्रोलर रोज सत्तर टक्के कामात असतील, तर एकावर एकशे चाळीस टक्के येणार. जोडी असूनही जोडीचा उपयोग नाही. दोघांना पन्नास टक्क्यांच्या आत ठेवायचं, म्हणजे विकत घेतलेली निम्मी ताकद कायम मोकळी ठेवायची. हे कोणत्याही हिशेबनिसाला पटवणं कठीण. मी अनेक बैठकांत प्रयत्न केला आहे.

हयातीचा दाखला

आता मूळ प्रश्न. पहिला गेला, हे दुसऱ्याला कसं कळतं?

टँडेमच्या यंत्रात प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला बाकीच्यांना 'मी जिवंत आहे' असा निरोप पाठवी. ठरल्या वेळात निरोप आला नाही की तो गेला असं धरत. आजही सगळे हेच करतात. आपल्याकडे निवृत्तिवेतन घेणारे लोक दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देतात, तोच प्रकार. आणि त्यातली अडचणही तीच. दाखला आला नाही म्हणून माणूस गेला असं होत नाही. तो आजारी असेल, मुलाकडे अमेरिकेत असेल, किंवा त्याने दिलेला कागद बँकेतच हरवला असेल. कंट्रोलरही कधी मेलेला नसतो, दमलेला असतो. एखाद्या अवजड कामात गुंतल्यामुळे चार सेकंद उत्तर देत नाही. तेवढ्यात दुसऱ्याने सूत्रं घेतली तर? उलट फार वाट बघावी तर सर्व्हरचा धीर सुटतो. लिनक्सवर डिस्कला दिलेल्या हुकमाची साधारण ३० सेकंद वाट बघितली जाते, मग गडबड सुरू होते. घाई केली तर जिवंत माणसाचं तेरावं, उशीर केला तर सगळं घर उपाशी.

दोघेही जिवंत आहेत, फक्त त्यांच्यातली तार तुटली आहे, ही सर्वांत वाईट अवस्था. प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला, आता मीच मालक. दोघेही त्याच डिस्कांवर आपापलं लिहायला लागतात आणि काही मिनिटांत माहितीचा असा चिवडा होतो की तो निवडता येत नाही. इंग्रजीत याला दुभंगलेला मेंदू म्हणतात. मला मात्र पानिपतानंतरची पुण्याची अवस्था आठवते. सदाशिवरावभाऊ पडले की निसटले, याची खात्री अनेकांना पटली नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. या फटीतूनच तोतया उभा राहिला, १७७६ साली कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि पेशवाईला आपल्याच मुलखात आपल्याच भाऊसाहेबांच्या नावाशी लढावं लागलं. ठाम दाखला नसला की राज्याला दोन डोकी फुटतात.

संगणकशास्त्रात हा पेच १९७५ साली एका निबंधात दोन गुंड टोळ्यांच्या रूपाने आला. १९७८ साली जिम ग्रे यांनी तो दोन सेनापतींच्या गोष्टीच्या रूपात सांगितला. दोन टेकड्यांवर दोन सैन्यं, मधल्या दरीत शत्रू. एकाच वेळी हल्ला केला तरच विजय. निरोप घेऊन जाणारा जासूद वाटेत पकडला जाऊ शकतो. पहिल्याने निरोप धाडला, पण पोचला का? दुसऱ्याने पोच धाडली, पण ती पोचली का? पोचेची पोच, तिचीही पोच. कितीही फेऱ्या केल्या तरी शेवटचा जासूद पोचला की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाहीच. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे: बेभरवशाच्या वाटेवरून दोघांचं पक्कं एकमत होऊ शकत नाही. जास्त तारा टाकल्याने शक्यता कमी होते, शून्य होत नाही.

ग्रे यांचाच शेवट या प्रश्नाशी येऊन भिडतो. २८ जानेवारी २००७ रोजी ते आईच्या अस्थी विसर्जित करायला सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच आपली शिडाची होडी घेऊन फॅरलॉन बेटांकडे गेले, आणि परतले नाहीत. मोठा शोध झाला, हजारो लोकांनी उपग्रहाची छायाचित्रं डोळ्यांखालून घातली. होडीचा तुकडाही मिळाला नाही. न्यायालयाने त्यांना मृत घोषित केलं ते २०१२ साली.

न्यायालय म्हणजे तिसरा. यंत्रांतही तोडगा तिसऱ्याचाच आहे. दोघांव्यतिरिक्त एक साक्षीदार ठेवायचा. ती एखादी छोटी डिस्क असेल किंवा वेगळ्या जागेतला साधा संगणक. त्याच्याकडे माहितीची प्रत नसली तरी चालते, त्याला फक्त एक मत असतं. तार तुटली की दोघेही साक्षीदाराकडे धावतात. ज्याला त्याचं मत मिळालं तो मालक, दुसऱ्याने मुकाट्याने थांबायचं. आणि तो थांबेल यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याची डिस्कांकडे जाणारी वाट तोडायची, नाहीतर थेट वीजच बंद करायची. शंका आहे ना, मग खात्री करून टाका, असा हा निर्दय पण रास्त उपाय आहे.

या पार्श्वभूमीवर एनएसईचा खुलासा पुन्हा वाचावा. दोन केंद्रांमध्ये असंच नातं असतं. दुवा गेला की एकाने चालू राहायचं आणि दुसऱ्याने थांबायचं, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. नीट ठरलेलं नसलं, तर माहितीचा चिवडा होऊ नये म्हणून निरोगी स्टोरेजही हात वर करू शकतं. दुसऱ्या केंद्राचा खर्च बाजार थांबू नये म्हणून केलेला असतो. ठरवण्याची जबाबदारी चुकली की तीच जोडी बाजार थांबण्याचं निमित्त ठरते.

जुळ्यांचं दुखणं

समजा ठरवण्याचंही नीट जमलं. मग उरतो तो मघाचा शब्द: स्वतंत्र. दोन वस्तू खरोखर स्वतंत्र असतील तरच दोन असण्याला अर्थ. पण कपाटातले दोन कंट्रोलर म्हणजे जुळे भाऊ. एकाच कारखान्यातले, पोटात एकच सॉफ्टवेअर. एखाद्या विचित्र हुकमाने पहिल्याच्या सॉफ्टवेअरला फेफरं आलं, तर सर्व्हर उत्तर न मिळाल्याने तोच हुकूम दुसऱ्या वाटेने दुसऱ्याला देतो. म्हणजे फेलओव्हर अगदी बिनचूक झालं, आणि विषही बिनचूक पोचलं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने ग्राहकांना कळवलं की त्यांच्या काही एसएसडी चालू झाल्यापासून ३२,७६८ तासांनी कायमच्या मरतील, माहितीसकट. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. आकडा संगणकवाल्यांना लगेच ओळखू येतो: दोनाचा पंधरावा घात. बिघाड सॉफ्टवेअरमध्ये होता आणि ते बदलणं हाच उपाय होता. आता एकाच दिवशी चालू केलेलं कपाट डोळ्यांसमोर आणा. एक डिस्क मेली तर हरवलेला मजकूर काढून देणारं रेडचं गणित इथे काय करणार? सगळ्यांचा घडा एकाच तासाला भरणार.

२०१६ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याचं स्टोरेज कोसळलं आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा. खात्याच्या अहवालात ताणलेल्या फायबर तारांचा उल्लेख आहे. ८०० पैकी १२ डिस्का निकामी झाल्या, पण खात्याच्या बहुतेक यंत्रणा बसल्या. त्यात एक तपशील असा की सावरण्यासाठी लागणारी अवजारं याच कोसळलेल्या स्टोरेजवर ठेवलेली होती. विहिरीत पडलेल्याला काढायचा दोर विहिरीतच. त्याआधी ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात बिघाडाच्या सूचना देणाऱ्या एका मेमरी बोर्डाची दुरुस्ती चालू असताना स्टोरेज गेलं. ८९ पैकी २६ सरकारी खाती अडकली आणि लोकांना आठवडाभर गाडी चालवण्याचे परवाने मिळेनात. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते दुरुस्तीच्या वेळच्या मानवी चुकीवर.

याचीही नोंद जिम ग्रे यांनी फार आधी केली होती. टँडेमची यंत्रं मुळात का बंद पडतात, याचा हिशेब त्यांनी १९८५ साली मांडला. त्यात हार्डवेअरचा वाटा सुमारे १८ टक्के, सॉफ्टवेअरचा २५, आणि यंत्र सांभाळणाऱ्यांच्या कामाचा ४२ टक्के. सुट्या भागांची जोडी लावून कंपनीने हार्डवेअरचं मरण मागे ढकललं होतं, तेव्हा पुढे उरली ती माणसं. यात माणसांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. रात्री तीन वाजता, दोन जुळ्या बोर्डांपैकी 'कोणता काढू?' हा निर्णय माणसावर सोडणं हीच रचनेतली उणीव आहे.

आज मोठ्या क्लाउड कंपन्यांनी दोनाचा नाद बराचसा सोडला आहे. तीन किंवा जास्त प्रती, वेगवेगळ्या इमारतींत, आणि प्रत्येक निर्णयाला बहुमत. म्हणजे फॉन नॉयमन यांचंच उत्तर, फक्त आता परवडणारं. पण आपल्या बँका, इस्पितळं, महापालिका यांच्या तळघरांत दोन कंट्रोलरांची कपाटं अजून कितीतरी वर्षं चालणार आहेत.

त्यांच्याबद्दल इतक्या वर्षांत एक निरीक्षण पक्कं झालं आहे. ज्या कपाटांचं सॉफ्टवेअर नेमाने बदललं जातं, त्यांत एकेक कंट्रोलर आळीपाळीने बंद होतो आणि वर्षातून दोनतीनदा फेलओव्हर आपोआप होऊन जातं. साक्षीदार जागेवर आहे का, दुसरी वाट खरंच जोडलेली आहे का, एकट्याला भार झेपतो का, ही सगळी उत्तरं दिवसाउजेडी मिळतात. आणि काही ठिकाणी पाच वर्षं कोणी हात लावलेला नसतो. 'चालू आहे ना, मग कशाला छेडता?' असं तिथे अभिमानाने सांगतात. हिरवे दिवे लुकलुकत असतात, सगळं दोन-दोन असतं. मी अशा ठिकाणी गेलो की पहिला प्रश्न एवढाच विचारतो: यातला एक तुम्ही शेवटचा केव्हा मुद्दाम बंद केला होता? तारीख सांगता आली नाही, तर त्या कपाटात दुसरा आहे असं मी धरत नाही.